जुना ट्रॅक्टर घेताना त्याची भावकी बघा: बी-२७५, मॅसी ३५ की झेटर २५११?

बेंदराच्या आधी भाच्याने तीन फोटो पाठवले. पहिल्यात रंग उडालेला इंटरनॅशनल बी-२७५, दुसऱ्यात मॅसी फर्ग्युसन ३५, तिसऱ्यात एचएमटी या सरकारी कंपनीचा झेटर २५११. खाली एकच ओळ होती: "मामा, यातला कुठला उठवू?"

त्याला रोजची नांगरट करायची नाही. घरचा एक जुना ट्रॅक्टर हवा, जो सेल्फ मारला की सुरू होईल, थोडी वाहतूक करील आणि सणाला गावातून फिरेल. हा प्रश्न हल्ली बऱ्याच जणांना पडतो. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

रंग, टायर, सीट, भाव हे सगळं मागाहून. आधी ट्रॅक्टरची भावकी बघायची. त्याच इंजिनाचे, त्याच गिअरबॉक्सचे किती भाऊबंद अजून चालू आहेत? त्या घराण्यातलं काही आजही कारखान्यातून बाहेर पडतं का? भावकी मोठी असली की पार्ट मिळतो, तो बसवणारा मिस्त्रीही मिळतो. तुटली असेल तर चार आण्याच्या वायसरसाठी ट्रॅक्टर वर्षभर उभा राहतो.

बी-२७५पासून सुरुवात करतो, कारण आमच्या घरी तोच होता. महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून १९६३ साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली आणि १९६५पासून बी-२७५ इथे तयार होऊ लागला. १९७७ला ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. मूळ डिझाइन ब्रिटनमधलं. चार सिलिंडर, १४४ घनइंचाचं म्हणजे सुमारे २३६० सीसीचं डिझेल इंजिन, ३५ हॉर्सपॉवर, आठ गिअर पुढे आणि दोन मागे.

इथेच लोक फसतात. बाजारात "२७५चा पार्ट द्या" म्हटलं की दुकानदार महिंद्रा २७५ डीआयचा पार्ट पुढे करतो. आजचा २७५ डीआय तीन सिलिंडरचा, त्याचं इंजिनच वेगळं. नाव सारखं असलं तरी पिस्टन, हेड, गॅस्केट यातलं एकही चालणार नाही. मागची बाजू मात्र निराळी. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलचं घराणं पुढच्या महिंद्रांत उतरलंय, त्यामुळे जुना गिअर किंवा बेअरिंग हातात घेऊन दुकानात गेलं तर बऱ्याचदा काम होतं. इंजिनासाठी त्याच घराण्यातल्या बी-४१४चे पार्टही बघावेत, पण प्रत्येक पार्ट मोजून. बी-४१४चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोठा आहे.

बी-२७५चे दोन दुखरे भाग सांगतो. एक, हिटर प्लग, म्हणजे थंडीत सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणारे. हे एकामागून एक अशा साखळीत जोडलेले असतात. एक जळाला की चारही थंड, आणि माघातल्या सकाळी इंजिन नुसतं धूर ओकतं. दुसरा, डिझेल पंपाच्या गव्हर्नरमधला, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागातला, पातळ पडदा. तो इंजिनात ओढल्या जाणाऱ्या हवेच्या ताणावर चालतो. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरमध्ये हा पडदा वाळून तडकतो, आणि मग इंजिन एका लयीत न चालता वर-खाली होत राहतं. पडदा मिळतो आणि महागही नसतो, पण मिस्त्रीला हा प्रकार माहीत नसेल तर तो अख्खा पंप उघडून बसतो.

आमचा बी-२७५ गोठ्यामागे अकरा वर्षं उभा होता. इंजिन जाम. चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढले, प्रत्येक भोकात निम्मं डिझेल आणि निम्मं इंजिन ऑइल ओतलं आणि आठ दिवस त्याकडे बघितलंही नाही. मग वरचा गिअर टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवायला लागलो. तिसऱ्या दिवशी चाक अंगठ्याएवढं सरकलं. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून सोडवा असं सांगणारे चारजण उभे होते, पण तो मार्ग धरू नका. पिस्टनची रिंग गंजून लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, चिकटलेली असते, झटका बसला की तुटते आणि लायनरही खरवडते.

सुरू झाला तो दिवस अजून आठवतो. दहा मिनिटं चांगला चालला आणि बंद पडला. डिझेलच्या पाइपातली एअर काढली, पुन्हा सुरू, पुन्हा दहा मिनिटांनी बंद. फिल्टर बदलला, पाइप फुंकला, काही उपयोग नाही. शेवटी डिझेल टाकीचं झाकण उघडताना "फुस्स" आवाज आला तेव्हा कळलं. झाकणाला हवेसाठी टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं आणि त्यात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. टाकीत हवाच जात नव्हती, मग डिझेल खाली उतरणार कसं? काडीने माती उकरली, ट्रॅक्टर पुन्हा थांबला नाही.

आता मॅसी. या तिघांत भावकी सगळ्यात मोठी याचीच. ब्रिटनमध्ये १९५७पासून मॅसी फर्ग्युसन ३५ या नावाने निघाला. आधी त्यात स्टँडर्ड कंपनीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं, १९५९च्या अखेरीपासून पर्किन्सचं तीन सिलिंडरचं, १५२ घनइंचाचं आलं. तेव्हा बघायला गेल्यावर पहिलं काम म्हणजे नोझल मोजायचे. तीन असतील तर बिनधास्त पुढे जा. चार असतील तर तो दुर्मिळ आहे खरा, पण थंडीत सुरू व्हायला तो फार छळतो, आणि त्याचे पार्ट पर्किन्सवाल्याच्या मानाने फार शोधावे लागतात. संग्रहासाठी घेणाऱ्यालाच तो परवडेल.

तीन सिलिंडरचं पर्किन्स घराणं जगभर पसरलंय. मॅसी १३५मध्ये तेच इंजिन पुढे गेलं. आपल्याकडे चेन्नईच्या टॅफे कंपनीने १९६०च्या दशकापासून मॅसी तयार केले आणि सिम्पसन कंपनीने पर्किन्सची इंजिनं. टॅफेचा १०३५ तर आजही विकला जातो. तालुक्याच्या कुठल्याही मिस्त्रीने मॅसीचं इंजिन कधी ना कधी उघडलेलं असतं, हा या ट्रॅक्टरचा सगळ्यात मोठा फायदा. लायनर सुके असतात, दाबून बसवायला प्रेस लागतो, म्हणून ते काम वर्कशॉपमध्येच करून घ्यावं.

मॅसीचं दुखणं मागच्या बाजूला. हायड्रॉलिकचा पंप मागच्या हाउसिंगमध्ये ऑइलातच बुडालेला असतो. ट्रॅक्टर पावसात उभा राहिला की गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून पाणी आत झिरपतं. बघायला जाल तेव्हा मागचा ड्रेन बोल्ट थोडा ढिला करा. आधी पाण्याची धार आली किंवा ऑइल ताकासारखं पांढरं दिसलं, तर पंप, बेअरिंग सगळं उघडावं लागणार असं धरूनच भाव करा.

झेटर २५११ची गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. हा मुळात चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोचा ट्रॅक्टर. एचएमटीने १९७१पासून हरियाणातल्या पिंजोरला तो तयार केला. दोन सिलिंडर, २५ हॉर्सपॉवर, डिझेल कमी आणि आवाज असा की बांधावरून ओळखू यावा. झेटरवाल्यांनी १९६०च्या सुमारास दोन, तीन आणि चार सिलिंडरचे ट्रॅक्टर एकाच मापाच्या भागांतून उभे केले होते. त्यामुळे तत्त्वतः मोठ्या भावाचे बरेच पार्ट धाकट्याला बसतात. लायनर ओले, म्हणजे बाहेरून पाण्यात. ते काढायला-घालायला सोपे, फक्त खालची रबरी रिंग नीट बसली नाही तर पाणी थेट ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं.

पण २०१६ला सरकारने पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला आणि कंपनीकडून येणारा पुरवठा संपला. आता जे आहे ते जुना स्टॉक, डुप्लिकेट आणि तोडलेले ट्रॅक्टर. त्यातही बराचसा माल उत्तरेकडे, पंजाब-हरियाणात आणि दिल्लीच्या काश्मिरी गेटला. आमच्या भागात झेटरचा जाणकार मिस्त्री शोधायलाच दोन महिने गेले, हे मी एका मित्राच्या बाबतीत बघितलंय. शिवाय झेटरचे सगळे आटे मिलिमीटरचे. बी-२७५ आणि मॅसी इंची मापाचे, त्यांना तुमचे आजचे पाने बसणार नाहीत. चुकीच्या आट्याचा बोल्ट जबरदस्तीने फिरवून हाउसिंग फोडलेले ट्रॅक्टर मी बघितलेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

पार्ट कुठून आणायचा हेही ट्रॅक्टर बघूनच ठरतं. मॅसीला डुप्लिकेट चालतो, कारण खप आहे आणि बनवणारे बरे आहेत. बी-२७५ला डुप्लिकेट घेताना डोळे उघडे ठेवा. मी आणलेलं हेड गॅस्केट ब्लॉकवर ठेवून बघितलं तर पाण्याचं एक भोक निम्मं झाकलं जात होतं. तसंच बसवलं असतं तर त्या सिलिंडरपाशी इंजिन तापून हेड वाकलं असतं. नवं गॅस्केट आधी ब्लॉकवर, मग हेडवर ठेवून प्रत्येक भोक बॅटरी मारून बघायचं, एवढी सवय लावून घ्या. झेटरला मात्र सरळ दुसरा मेलेला झेटरच घ्यावा, पार्टसाठी. एक चालू करायला दोन लागतील हे धरूनच त्या वाटेला जावं.

जे कुठेच मिळत नाही ते करून घ्यायला कोल्हापूरच्या उद्यमनगरासारखी जागा नाही. बुश, पिन, शाफ्ट, पुली, तुमचा जुना तुकडा टेबलावर ठेवा आणि काय काम करतो ते सांगा, लेथवाला माप काढतो. पण नोझल आणि डिझेल पंपाचं काम लेथवर होत नाही. ते कॅलिब्रेशनची मशीन असलेल्या पंपवाल्याकडेच.

पहिल्यांदा सुरू करताना एक माणूस हवेच्या पाइपापाशी लाकडी फळी घेऊन उभा करा. जुन्या पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, डिझेल वाळून अडकलेला असू शकतो. मग इंजिन आपोआप रेस होत सुटतं आणि बंद करायची दोरी ओढून काही होत नाही. तोंडावर फळी दाबून हवा तोडली तरच थांबतं. हात किंवा फडकं लावू नका, आत ओढलं जातं.

भाच्याला मी मॅसी घ्यायला सांगितलं, तीन सिलिंडरचा. त्याला वेळ कमी आहे आणि ट्रॅक्टर चालता हवाय. घरच्या आजोबांचाच बी-२७५ पडून असेल तर मात्र मॅसीच्या नादाला लागू नका, तोच उठवा. त्याची भावकी अजून पुरेशी जिवंत आहे. झेटर घ्यायचा तर ज्याला दोन-तीन वर्षं शोधत फिरण्यातच आनंद आहे त्याने घ्यावा, आणि मला फोन करावा, मीही बरोबर येईन.

बघायला जाण्याच्या आदल्या दिवशी मालकाला सांगून ठेवा की इंजिन आधी सुरू करून तापवू नका, गार असताना ते सुरू होतं का हेच बघायचंय. गेल्यावर पहिला हात ब्लॉकला लावा. कोमट लागलं तर चहा घ्या, इंजिन पुरतं गार होऊ द्या, आणि मगच सेल्फ मारायला सांगा.