ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) दुरुस्त करून अख्खा पावसाळा काढला: वापरानंतरचा अनुभव

गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक. चालता चालता बंद पडायची, गार झाली की चालू व्हायची. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर जोडला, पी०६०६ (ईसीएमच्या प्रोसेसरमधल्या बिघाडाचा) कोड दिसला आणि लगेच निकाल दिला: "ईसीएम गेला, नवीन घाला." कोटेशन चाळीस हजारांच्या वर.

मल्टिमीटर बाहेरसुद्धा काढला नाही! रकमेपेक्षा याचाच संताप जास्त आहे. ईसीएमला दोष देण्याआधी त्याचा सप्लाय आणि अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हशी असलेली जोडणी) तपासायला नको? इंजिन चालू, हेडलाइट चालू, मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी ईसीएमच्या अर्थ पिनला. ०.१ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ खराब. याला कितीसा वेळ लागतो? चाळीस हजार मागणाऱ्याने एवढं करायलाच पाहिजे.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ईसीएम दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी आधी हेच मोजलं, सप्लाय-अर्थ ठीक निघाले, मगच बोर्ड उघडला. गरम हवा मारली की बोर्ड बंद पडत होता: ड्राय सोल्डर, म्हणजे सोल्डरचा जोड सैल झालेला. सोल्डर नवीन केलं, कपॅसिटर बदलले, वरून कोटिंग मारलं. खर्च कोटेशनच्या आठव्या हिश्श्याइतका. बोर्ड आपलाच असल्यामुळे चावी मॅच करायची भानगड नाही. स्क्रॅपमधला ईसीएम आणला की पार्ट नंबर जुळला तरी इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा) आडवा येतो, जुन्यातला डेटा त्यात उतरवावा लागतो.

मग ऐन पावसात गगनबावड्याच्या रस्त्यावर गाडीचं पिकअप गेलं, चेक इंजिनचा दिवा लागला. या वेळी कोड पी०६४१. वाटलं, दुरुस्ती टिकली नाही, दोनच स्टार द्यायचे. पण तो कोड सेन्सरांना जाणाऱ्या ५ व्होल्टच्या लाइनचा. त्या लाइनवर बरेच सेन्सर एकत्र असतात, एक शॉर्ट झाला की सगळ्यांचा सप्लाय बसतो. मिस्त्रींनी मीटर लावून ठेवला आणि एकेक सेन्सरचा कपलर (वायरचा प्लग) काढत गेले. एसी प्रेशर सेन्सरचा कपलर काढला आणि ५ व्होल्ट परत आले. आत पाणी शिरून हिरवा गंज चढला होता. सेन्सर बदलला, कपलर साफ केला, गाडी ठीक. बोर्डाला हातही लावला नाही, त्यामुळे माझे पाच स्टार.

तक्रार एकच: गॅरंटी तोंडी. बिलावर लिहून मागा. आणि आपल्याकडचा पाऊस बघता ईसीएमचं झाकण पुन्हा सीलंट लावून बंद केलंय का, हे समोर उभं राहून बघा.

पुरात बुडालेल्या गाडीला मात्र हा हिशोब लागू नाही. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्यांना हे निक्षून सांगतो: चावी फिरवू नका, आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ओल्या बोर्डात करंट गेला की तांब्याचे ट्रॅक खाल्ले जातात, मग तो बोर्ड दुरुस्त होईलच असं नाही.