‘सर्वाधिक पगाराचे व्यवसाय’ आणि त्यामागचा हिशोब: ऑक्युपेशनल आउटलुक हँडबुकचं परीक्षण

सर्वाधिक पगाराच्या वीस व्यवसायांच्या याद्या दर वर्षी फिरतात. अमेरिकी याद्यांमधले बरेचसे आकडे मुळात एकाच ठिकाणचे असतात: तिथल्या ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स या कामगारविषयक आकडेवारी ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे. वाटेत त्यांच्या अटी गळून पडतात आणि उरतो फक्त आकडा. म्हणून मी याद्या वाचणं सोडून थेट मूळ सेवा वापरते. तिचं नाव ऑक्युपेशनल आउटलुक हँडबुक: एकेका व्यवसायाचं काम, शिक्षण आणि पगार सांगणारं. १९४९ साली पुस्तक म्हणून निघालेलं हे हँडबुक आज वेबसाइटवर आहे. फुकट आहे, नाव-ईमेल मागत नाही, जाहिराती दाखवत नाही. अमेरिकेत नोकरी करायची नसली तरी पगाराचा आकडा कसा वाचायचा, हे शिकायला यापेक्षा चांगली जागा मला सापडलेली नाही.

माझी सगळी नोकरी पगार विभागात गेली. त्यामुळे पगाराचा आकडा कानावर पडला की दोन प्रश्न आपोआप येतात. यात काय काय धरलंय? आणि कोणाकोणाला धरलंय? मूळ पगार, ओव्हरटाइम, वर्षअखेरचा बोनस, शेअर, कंपनीने भरलेला विम्याचा हप्ता, हे सगळं एका ओळीत मिसळलं की एकाच माणसाचे चार पगार सांगता येतात आणि चारही खरे असतात. हँडबुकला हे दोन प्रश्न विचारले तर लेखी उत्तर मिळतं. तीन ताऱ्यांच्या वर मी त्याला का ठेवते, त्याचं कारण एवढंच.

आधी आकडे येतात कुठून ते सांगते. हँडबुकमागे एक सर्वेक्षण आहे, ऑक्युपेशनल एम्प्लॉयमेंट अँड वेज स्टॅटिस्टिक्स नावाचं. ते कर्मचाऱ्यांना काहीच विचारत नाही, मालकांना विचारतं. दर सहा महिन्यांनी एक फेरी, अशा सहा फेऱ्या मिळून तीन वर्षांत सुमारे ११ लाख आस्थापनांचा नमुना तयार होतो आणि त्यातून आठशेहून जास्त व्यवसायांचे आकडे काढले जातात. हा फरक लहान वाटेल, पण तो फार मोठा आहे. माणसाला पगार विचारला की तो ऑफर लेटरवरचा सर्वांत मोठा आकडा सांगतो, किंवा गेल्या वर्षीचा, किंवा पुढच्या बढतीनंतर मिळेल अशी आशा असलेला. पगारपत्रक भरणारा माणूस रजिस्टर उघडतो. असे फॉर्म मी भरून दिले आहेत. त्या क्षणी कोणाला मोठेपणा मिरवायचा नसतो, फॉर्म वेळेत पाठवायचा असतो.

आता काय धरलंय ते. मूळ पगार, महागाई भत्ता, कमिशन, उत्पादनाशी जोडलेला इन्सेंटिव्ह, ग्राहकांची टिप, हे आत. ओव्हरटाइम बाहेर. रात्रपाळीचा जादा दर बाहेर. वर्षअखेरचा बोनस बाहेर, शेअर बाहेर, नफ्यातला वाटा बाहेर. ही यादी वाचली की अर्धी कोडी तिथेच सुटतात. वित्त क्षेत्रातल्या माणसाची खरी कमाई वर्षअखेरच्या बोनसमध्ये असते, म्हणून इथे तो वाटतो त्यापेक्षा गरीब दिसतो. रात्रपाळ्या आणि जादा तास करणारी परिचारिका घरी जे नेते, त्यातला मोठा भाग इथे दिसतच नाही.

आणि वार्षिक आकडा म्हणजे तरी काय? बहुतेक व्यवसायांत तो ताशी दर गुणिले २,०८० असा येतो: आठवड्याचे ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे. ज्याला वर्षभर पूर्णवेळ काम मिळत नाही त्याच्यासाठी हा गुणाकार दिशाभूल करेल. म्हणून अभिनेते, नर्तक, वादक यांचा वार्षिक आकडा हे लोक देतच नाहीत, फक्त ताशी दर देतात. मला ही गोष्ट मनापासून आवडली. जिथे आकडा बनवता येतो पण बनवू नये, तिथे त्यांनी जागा कोरी सोडली आहे.

‘सर्वाधिक पगाराचे व्यवसाय’ या पानावर मात्र गोंधळ होतो. मे २०२३च्या आकड्यांवर बनलेलं ते पान उघडलं तर वरून खाली डॉक्टरच डॉक्टर: भूलतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ, निरनिराळे शल्यचिकित्सक. आणि बहुतेकांसमोर एकच मजकूर: २,३९,२०० डॉलर किंवा त्याहून जास्त. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, सगळ्यांना सारखाच पगार. तसं नाही. ताशी ११५ डॉलरच्या पुढे गेलं की ब्युरो नेमका मध्यक (पगाराच्या रांगेतल्या मधल्या माणसाचा पगार) छापत नाही, आणि ११५ गुणिले २,०८० म्हणजे २,३९,२००. ही छापण्याची मर्यादा आहे, पगाराची नाही. पूर्वी ती ताशी १०० डॉलरवर होती, तेव्हा याच जागी २,०८,००० दिसायचे. म्हणजे ज्या पानावर वरच्या पगारांची क्रमवारी बघायला माणूस येतो, तिथेच क्रमवारी लागत नाही. ही या सेवेची सर्वांत मोठी उणीव आहे आणि ती मर्यादा आणखी वर न्यायला हवी असं माझं ठाम मत आहे.

बाहेरच्या याद्या यावर एक तोड काढतात: मध्यक मिळत नाही, मग सरासरी घेतात, कारण सरासरी छापलेली असते. बालशल्यचिकित्सकांची २०२३ची सरासरी ४,४९,३२० डॉलर. आकडा बरोबर आहे. फक्त मध्यक आणि सरासरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे यादीत कुणी लिहीत नाही. मध्यक म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केल्यावर बरोबर मधल्या माणसाचा पगार. सरासरीला रांगेच्या टोकाला उभे असलेले चार-दोन जण वर ओढून नेऊ शकतात.

डॉक्टरांच्या बाबतीत दुसरीही एक गफलत आहे, आणि ती उलट दिशेची. या सर्वेक्षणात स्वयंरोजगारातले लोक नाहीत, आणि कंपनी म्हणून नोंदणी न केलेल्या व्यवसायांचे मालक-भागीदारही नाहीत. म्हणजे स्वतःचा दवाखाना चालवणारा दंतवैद्य, भागीदारीतला वकील, यांतले बरेच जण मोजलेच जात नाहीत. त्यांच्याकडे नोकरी करणारा मोजला जातो. मग दंतवैद्यकाचा आकडा बघून ‘दवाखाना टाकल्यावर एवढे मिळतील’ असा हिशोब मांडणं चूक. तो आकडा त्या खुर्चीचा नाही.

सगळ्यांत वरच्या अधिकाऱ्यांचंही तसंच. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा २०२३चा मध्यक २,०६,६८० डॉलर. वर्तमानपत्रात कोट्यवधी डॉलरच्या बातम्या वाचणाऱ्याला हा आकडा हास्यास्पद वाटेल, पण दोन्ही खरं आहे. एक तर लहानशा संस्थेचा प्रमुखही याच व्यवसायात मोजला जातो. दुसरं, मोठ्यांच्या मोबदल्याचा मुख्य हिस्सा शेअरचा असतो आणि शेअर इथे बाहेर आहेत. तिथल्या शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांना २०१८पासून आपल्या प्रमुखाचा मोबदला आणि आपल्याच मधल्या कर्मचाऱ्याचा पगार यांचं गुणोत्तर जाहीर करावं लागतं. मोठ्या खुर्च्यांचा खरा अंदाज त्या कागदांतून घ्यावा, या हँडबुकातून नाही.

सेवा प्रत्यक्षात कशी वाटते हे सांगायला माझ्या भाचीचं उदाहरण घेते. तिला वैमानिक व्हायचंय. तिने कुठल्याशा यादीत २,१९,१४० डॉलर वाचले होते. मी तिला हँडबुकचं वैमानिकांचं पान उघडून दिलं. पानाच्या माथ्यावर २०२३चा मध्यक १,७१,२१०. खाली ‘पगार’ या भागात दोन ओळी: विमान कंपन्यांचे वैमानिक, सहवैमानिक आणि फ्लाइट इंजिनिअर २,१९,१४०, आणि भाड्याची (चार्टर) उड्डाणं, शेतीफवारणी वगैरे करणारे व्यावसायिक वैमानिक १,१३,०८०. ती म्हणाली, “मावशी, यातला माझा आकडा कुठला?” इतका नेमका प्रश्न मला नोकरीत फार कमी लोकांनी विचारला.

सुरुवातीला यातला एकही नाही, हे उत्तर त्याच पानाने दिलं. शेजारच्या ‘हा व्यवसाय कसा स्वीकारावा’ या भागात प्रशिक्षण, परवाने, उड्डाणाचे तास, वैद्यकीय तपासणी सगळं दिलेलं आहे. विमान कंपनीत बसण्याआधी साधारणपणे १,५०० तासांचं उड्डाण लागतं. ते तास जमवायला लोक शिकाऊंना शिकवतात, छोटी विमानं उडवतात, म्हणजे दुसऱ्या ओळीत, आणि तिथेही तळाला. वैद्यकीय प्रमाणपत्र चाळिशीपर्यंत दर वर्षी, पुढे दर सहा महिन्यांनी. वयाच्या ६५व्या वर्षी विमान कंपनीतलं उड्डाण बंद. त्यात ज्येष्ठता कंपनीगणिक मोजली जाते. कंपनी बदलली की पुन्हा रांगेच्या शेवटी. २,१९,१४० हा अशा रांगेच्या मध्यावर उभ्या असलेल्या माणसाचा पगार आहे, आणि त्या जागी पोचायला लागलेली वर्षं आणि प्रशिक्षणाचा खर्च त्यात कुठेच वजा झालेला नाही. भाचीने बेत बदललेला नाही, आणि बदलावा असं मलाही वाटत नाही. पण आता ती कर्जाचा हिशोब सहवैमानिकाच्या पहिल्या वर्षाच्या पगारावर मांडते आहे.

हे वर्षांचं गणित हँडबुकने आकड्याला लागूनच छापायला हवं होतं. मेंदूच्या शल्यचिकित्सकाला तिथे पदवीची चार वर्षं, वैद्यकीय शिक्षणाची चार आणि त्यानंतर निवासी डॉक्टर म्हणून सात वर्षं लागतात. याच्या उलट हवाई वाहतूक नियंत्रक: २०२३चा मध्यक १,३७,३८० डॉलर आणि चार वर्षांची पदवी सक्तीची नाही. मात्र नेमणूक साधारणपणे वयाच्या ३१च्या आत व्हावी लागते आणि ५६व्या वर्षी सक्तीची निवृत्ती. नुसत्या पगाराच्या रकान्यात हे दोघे शेजारी बसवले तर तुलनेला अर्थ उरत नाही.

आता स्पर्धक सेवांबद्दल थोडं. ग्लासडोअर आणि लेव्हल्स डॉट एफवायआय या दोन्ही ठिकाणी कर्मचारी स्वतः आकडे टाकतात. सॉफ्टवेअरच्या बाबतीत लेव्हल्स मला हँडबुकपेक्षा उपयोगी वाटतं, कारण तिथे मूळ पगार, बोनस आणि शेअर असे तीन वेगळे रकाने आहेत आणि पदाची पायरीही दिसते. हँडबुकात सॉफ्टवेअर डेव्हलपरचा २०२३चा मध्यक १,३२,२७० डॉलर आहे. मोठ्या कंपनीतल्या अनुभवी माणसाचा आकडा लेव्हल्सवर याच्या दुप्पट-तिप्पट दिसतो, आणि इथेही दोघं खरं बोलतात. पण शेअरच्या रकान्याकडे नीट बघा. तो रुजू होण्याच्या दिवसाच्या भावाने मांडलेला असतो आणि सहसा चार वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळतो. पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत नोकरी सोडली तर पुष्कळ ठिकाणी काहीच मिळत नाही. अ‍ॅमेझॉनमध्ये बरीच वर्षं पहिल्या वर्षी ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १५ आणि मग ४०-४० अशी विभागणी होती. ‘एकूण पॅकेज’ भागिले चार हा पगार नव्हे. शिवाय अशा ठिकाणी आपला आकडा सांगायला कोण येतं, हाही प्रश्न आहेच. कमी पगार असलेल्याला तो सांगायचा उत्साह नसतो.

वकिलांच्या बाबतीत मात्र मध्यकसुद्धा फसवतो, आणि हे हँडबुक सांगत नाही. २०२३चा मध्यक १,४५,७६० डॉलर. पण नव्या पदवीधरांचे पगार आलेखावर मांडले तर एक टेकडी न दिसता दोन दिसतात: एक साठ ते नव्वद हजारांच्या आसपास, सरकारी वकील, लहान फर्म, समाजकार्य करणाऱ्या संस्था यांची, दुसरी थेट सव्वादोन लाखांजवळ, मोठ्या फर्मची. २०२३च्या अखेरीस मोठ्या फर्मनी पहिल्या वर्षाचा पगार २,२५,००० केला. मधल्या दरीत फार थोडे लोक आहेत. म्हणून मध्यकाच्या भरवशावर कायद्याच्या शिक्षणाचं कर्ज काढलं तर ज्या पगारावर ते फेडायचं ठरवलं, तो जवळपास कुणालाच मिळत नसतो.

वापराच्या दृष्टीने आणखी दोन गोष्टी. प्रत्येक पानावर खालच्या १० टक्क्यांचा आणि वरच्या १० टक्क्यांचा आकडा दिलेला असतो. मी आधी खालचा वाचते. नव्याने येणाऱ्याच्या सर्वांत जवळचा तोच. दुसरं, मूळ सर्वेक्षणाच्या तक्त्यांत पगाराच्या रांगेतला शंभरांपैकी पंचविसावा आणि पंच्याहत्तरावा टप्पाही मिळतो, राज्य आणि शहरानुसार. तिथे पोचायला मात्र बरेच दुवे दाबावे लागतात आणि तक्ते रूक्ष आहेत. सगळे आकडे करकपातीच्या आधीचे, हेही ठळक कुठे लिहिलेलं नाही.

पाचपैकी चार तारे. अर्धा तारा वरच्या पगारांवरच्या त्या मर्यादेसाठी कापला, अर्धा स्वयंरोजगारातल्यांना वगळल्याची सूचना पगाराच्या आकड्याशेजारी न छापता तांत्रिक टिपांत ठेवल्याबद्दल. ब्रिटनचे पगार बघायचे असतील तर तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं वार्षिक सर्वेक्षण वापरा. ते करखात्याच्या नोंदींतून कर्मचाऱ्यांच्या एक टक्का नोकऱ्यांचा नमुना घेतं आणि मुख्य आकडा मध्यकाचाच देतं. स्वयंरोजगारातले लोक तिथेही नाहीत.