भुसावळच्या या लॅबमध्ये माझी कंबर मोजली, म्हणून लिहितेय

मी ४६ वर्षांची, भुसावळची, माहेर रावेरचं. गेल्या वर्षी दुसरीकडे एका मोठ्या पॅकेजचे पैसे भरले होते. मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला, संध्याकाळी मोबाईलवर १८ पानांचा रिपोर्ट आला. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, शुगर बॉर्डरवर आहे, गोड कमी करा. कोलेस्टेरॉल २०० च्या आत आहे, काळजी नको." मी चहातली साखर सोडली आणि निर्धास्त झाले. माझे वडील ५८ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. त्यांची शुगरही बॉर्डरवरच होती. घरात कुणाला काय आहे हे त्या फोनवर कुणी विचारलंच नाही.

इथे तसं झालं नाही. रक्त घेण्याआधी ताईंनी टेप काढला, शिंप्याकडे असतो तसा. मी परकराच्या नाडीपाशी बोट ठेवलं तर म्हणाल्या, "तिथं नाही ताई." शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे टेप धरला, श्वास सोडायला लावला आणि मग आकडा वाचला : ९१ सेंटीमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी ८०, पुरुषांसाठी ९० ही हद्द आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं मी फक्त वजन बघत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट समोर ठेवून पाच आकड्यांना गोल केले. कंबर ९१. उपाशीपोटीची शुगर ११२ (१०० ते १२५ म्हणजे प्रीडायबिटीस). ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, २१२, ते १५० च्या आत हवं. चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, ३८. बाईचं ५० तरी हवं. बीपी १३८/८८. पाचातले तीन बिघडले तरी त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, माझे पाचही बिघडलेले. एकूण कोलेस्टेरॉल मात्र १९८! म्हणजे गेल्या वर्षी ज्या आकड्यावर मला धीर दिला, तो एकटा काहीच सांगत नव्हता.

कारणही त्यांनी नीट समजावलं. पोटात आणि लिव्हरमध्ये चरबी साठली की इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, मग लिव्हर रक्तात जास्त चरबी सोडतं, एचडीएल उतरतं, बीपी चढतं. शुगर १२६ ला पोचून डायबिटीसचा शिक्का बसेपर्यंत रक्तवाहिन्या थांबत नाहीत, त्यांचं नुकसान आधीच सुरू होतं. हे ऐकताना मला वडीलच दिसत होते.

खाण्याचं बोलणं आपल्या घरातलं होतं, हे मला फार आवडलं. कळण्याची भाकरी सोडू नका, तीनाच्या दोन करा. भरीत खा, तेल मोजून घाला. शेवभाजी महिन्यातून एकदा; तर्री आणि शेव दोन्हीकडून तेल जातं. केळीच्या घरची मी, म्हणून केळ्याचं विचारलं, तर म्हणाले, एक लहान खा, फार पिकलेलं नको, आणि त्या जेवणात अर्धी भाकरी कमी करा. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालायचं. मे महिन्यात आपल्याकडे ते पहाटे साडेपाचलाच जमतं.

एक तक्रार आहे, ती लिहिलीच पाहिजे. जिना चढून आल्या आल्या, ब्लाउजच्या बाहीवरूनच पट्टा बांधून बीपी घेतलं : १५२/९४. पट्टाही माझ्या दंडाला लहान होता, आणि लहान पट्ट्याने आकडा वाढून येतो. डॉक्टरांनी पाच मिनिटं टेकून बसवलं, मोठा पट्टा लावला, तेव्हा १३८ आलं. मी गोळी सुरू करायच्या भीतीने रात्रभर झोपले नव्हते. मोठा पट्टा बाहेरच्या टेबलावरच ठेवा, ही विनंती. एक स्टार त्यासाठी कापला.

तीन महिन्यांनी पुन्हा गेले. वजन ७४ चं ७०, कंबर ८७, ट्रायग्लिसराइड १५८, बीपी १२८/८२. एचडीएल ४१, ते सावकाश चढतं म्हणाले. कंबर अजून ८० च्या वरच आहे.

जाणार असाल तर रात्री लवकर जेवा, दहा-बारा तास पोट रिकामं हवं, आणि सकाळी सातलाच पोचा. नंतर रांग लागते. घरात कुणाला हार्टचा त्रास असेल तर विचारायची वाट न बघता आधी सांगा. सोमवारी मी रावेरहून माझ्या भावाला घेऊन येतेय. तो म्हणतो मला शुगर नाही. त्याची कंबर अजून कुणी मोजलेली नाही.