टेक्सासच्या पब्लिक स्कूलमध्ये चार वर्षं: 'डिस्ट्रिक्ट ऑफ इनोव्हेशन'चा आमचा अनुभव

रेटिंग: ५ पैकी ३

डॅलसला शिफ्ट होणारे आपले लोक पहिलं काय विचारतात तर स्कूल कशी आहे, आणि उत्तर म्हणून सगळे ग्रेटस्कूल्सचा (शाळांना दहापैकी रेटिंग देणारी वेबसाइट) आकडा पाठवून मोकळे होतात. आम्हीपण तेवढंच बघून घर घेतलं. आता दोन मुलं चार वर्षं इथल्या पब्लिक स्कूलमध्ये आहेत, तर सांगते, आकडा नंतर बघा, आधी स्कूल डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे त्या भागातल्या पब्लिक स्कूल चालवणाऱ्या संस्थेच्या) वेबसाइटवर 'डिस्ट्रिक्ट ऑफ इनोव्हेशन प्लॅन', म्हणजे राज्याच्या कुठल्या नियमांतून सूट घेतलीय त्याचा आराखडा, शोधा आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा. आमच्या डिस्ट्रिक्टचं नाव लिहीत नाहीये, कारण टेक्सासमधल्या बहुतेक डिस्ट्रिक्टनी असा प्लॅन केलाय.

तर २०१५ साली इथे कायदा झाला की चार्टर स्कूलना (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळांना) ज्या नियमांतून सूट आहे त्यातल्या बऱ्याच नियमांतून साध्या डिस्ट्रिक्टलापण सूट घेता येईल. कमिटी नेमायची, प्लॅन ३० दिवस वेबसाइटवर ठेवायचा, डिस्ट्रिक्टच्या बोर्डात दोन तृतीयांश मतं मिळाली की झालं, वर राज्याच्या शिक्षण कमिशनरला फक्त कळवायचं, त्यांची परवानगी लागत नाही. मुदत जास्तीत जास्त ५ वर्षं. राज्याची स्टार (STAAR) परीक्षा आणि ग्रॅज्युएशनच्या अटी यातून मात्र सुटका नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. माझे आप्पा जिल्हा परिषद शाळेत हेडमास्तर होते, उन्हाळ्यात पत्रे तापून पोरांना चक्कर यायची तरी सकाळची शाळा करायला वरून पत्र यायची वाट बघत बसायचे. शाळेला काय हवं ते शाळेजवळच्या माणसांनी ठरवावं हे मला तेव्हापासून पटलेलं आहे.

आणि चांगलं आहेच. राज्याचा नियम सांगतो की ऑगस्टच्या चौथ्या सोमवारच्या आधी शाळा सुरू करायची नाही, आमच्याकडे सूट घेऊन ऑगस्टच्या मध्यालाच सुरू होते, त्यामुळे पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षा ख्रिसमसच्या आधी उरकतात, डिसेंबरात पुण्याला जाताना पोरांच्या बॅगेत एक पुस्तक नसतं. हायस्कूलमध्ये वेल्डिंग शिकवायला ज्याने आयुष्यभर वेल्डिंगच केलंय असा माणूस आहे, त्याच्याकडे टीचिंग सर्टिफिकेट नाही आणि त्या विषयाला ते नसलं तरी चालतं असं माझं मत आहे. यासाठी पूर्ण मार्क.

पण हीच सूट गणिताला पण वापरली. मुलगा सातवीत होता, सर मनाने चांगले, आधी बँकेत होते, गणित त्यांना येत होतं पण शिकवता येत नव्हतं हो. अपूर्णांकांचा भागाकार करताना मुलगा दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचा, उत्तर बरोबर यायचं, पण उलटा का केलास विचारलं की पेन्सिल तशीच धरून माझ्याकडे बघत बसायचा. नोव्हेंबरमध्ये मी शाळेला ईमेल केला तेव्हा कळलं की सरांकडे सर्टिफिकेट नाही. सर्टिफिकेट नसलेला शिक्षक सलग ३० शाळेच्या दिवसांपेक्षा जास्त शिकवत असेल तर पालकांना लेखी कळवायचं असा राज्याचा नियम आहे, आमच्या डिस्ट्रिक्टने त्या पत्रातूनही सूट घेतलेली! प्लॅनमध्ये एका ओळीत होतं. याचा मला सगळ्यात जास्त राग आला, शिक्षक मिळत नाहीत हे समजू शकते, पण पालकांना न कळवण्यात कसलं इनोव्हेशन? प्रिन्सिपल मॅडमनी त्याच दिवशी उत्तर दिलं, नीट बोलल्या, पण वर्ष संपेपर्यंत रोज संध्याकाळी गणित मीच घेतलं.

मुलीच्या दुसरीच्या वर्गात तसंच. चौथीपर्यंत एका वर्गात २२ मुलं ही राज्याची मर्यादा, त्यातूनही सूट. पालकांच्या भेटीच्या रात्री मी भिंतीवरचे बॅगा अडकवायचे हुक मोजले, २६ भरले. आदल्या वर्षी तिच्या वर्गात कोपऱ्यात एक अर्धगोल टेबल होतं, बाई तिथे चार-चार मुलांना घेऊन वाचून घ्यायच्या, या वर्गात त्या जागी डेस्क. मुलगी वाचनात तिथेच मागे पडली असं मी ठामपणे म्हणेन.

२०२५ च्या नवीन कायद्याने मुख्य विषयांना बिनसर्टिफिकेट शिक्षक नेमणं टप्प्याटप्प्याने बंद होतंय, ते बरं झालं. तरी घर बघायला येणाऱ्यांनी सर्टिफिकेट, पालकांना पत्र आणि वर्गातली मुलं यातलं काय काय सोडलंय ते प्लॅनमध्ये बघा, आणि टायटल वन शाळा (कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं जास्त म्हणून फेडरल निधी मिळणारी) असेल तर शिक्षकाची पात्रता विचारायचा हक्क फेडरल कायद्याने दिलाय, बिनधास्त विचारा.

आमचा प्लॅन या वर्षी संपतोय, नवीन मसुदा सध्या वेबसाइटवर आहे. कॅलेंडरची सूट ठेवा, पत्राची काढा, एवढंच मागायचंय, आणि बोर्डाच्या मीटिंगमध्ये बोलायला मी नाव दिलंय. आपल्या कम्युनिटीतले अजून चौघं येतायत, अजून कोणाला यायचं असेल तर कळवा.