एनआरई की एनआरओ: दुबईतल्या भावासाठी कुठलं खातं?

दादा दुबईला नोकरीला लागला, पण फोंड्यातलं बचत खातं तसंच चालू ठेवलं. नियमाने ते चालत नाही. परदेशी स्थायिक झाल्यावर जुनं खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं इथल्या कमाईचं खातं, करून घ्यावं लागतं. बँकेतल्या बाईंनी पासबुकावर शिक्का मारला आणि विचारलं, "एनआरई पण उघडता ना?"

फरक पैसा कुठून येतो याचा. एनआरईत परदेशातली कमाई. व्याजावर इथे आयकर नाही, रक्कम हवी तेव्हा परत नेता येते. पण म्हापशाच्या फ्लॅटचं भाडं त्यात भरायचं तर आधी त्यावरचा कर भरल्याचं बँकेला पटवावं लागतं. म्हणून ते एनआरओत, कुळागरातल्या सुपारी-नारळाचे पैसेही तिथेच. एनआरओच्या व्याजावर मात्र ३० टक्के टीडीएस (बँक आधीच कापून घेते तो कर), वर सेस; कर-करार असलेल्या देशाचा रहिवासी दाखला दिला तर कमी. बाहेर न्यायची मर्यादा आर्थिक वर्षाला १० लाख डॉलर, म्हणजे आमच्यासारख्यांना नसल्यासारखीच! खरी कटकट सीएच्या कागदांची.

आईचं नाव दोन्हीकडे जोडता येतं, पण दोन्हीत दादा असेपर्यंत व्यवहार त्याचेच. आई फार तर मुखत्यारपत्रावर.

पगार साठवायला एनआरई. घरच्या भाड्यासाठी, वीजबिलासाठी एनआरओ. दादाने दोन्ही काढली.