१८८० सालची म्हणून गळ्यात मारलेली ‘स्मिथ अँड वेसन’

ओहायोत राहणाऱ्या माझ्या भाऊजींना शेजारच्या इंडियानातल्या एका गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या खरेदी-विक्रीच्या मेळ्यात, २,४०० डॉलरचा चुना लागला. जुन्या हत्यारांचा नाद असलेली आपली बरीच मंडळी तिकडे आहेत, म्हणून भाऊजींना विचारूनच हे लिहितोय.

माल दिसायला झकास. खटका उचलला की नळी पुढे झुकून उघडणारं, सहा बारी रिव्हॉल्व्हर. विक्रेता म्हणाला, १८८० च्या सुमाराची स्मिथ अँड वेसन (अमेरिकेतली जुनी बंदूक कंपनी), .४४ रशियन काडतुसाची. सोबत ‘ओळखपत्र’ म्हणून एक छापील कागद. तो त्यानेच घरी छापलेला, हे नंतर कळलं. पावतीवर मात्र ‘अँटिक’ असं ठळक लिहिलं होतं. त्या शब्दाला तिथे फार किंमत आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानुसार १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार अँटिक ठरतं आणि केंद्राच्या कायद्यापुरतं परवानाधारक दुकानदाराच्या नोंदींतून सुटतं. त्यामुळे साल मागे ढकललं की भावही चढतो आणि कागदपत्रांची कटकटही जाते.

भाऊजींनी ते एका जुन्या बंदूकवाल्याकडे नेलं. त्याने आधी .४४ रशियनची रिकामी पुंगळी चक्रात टाकली. ती आत खुळखुळायला लागली. मग कॅलिपरने नळीचं तोंड मोजलं. .४३ इंच यायला हवं होतं, ते .४५ च्या पुढे गेलं. म्हणजे काडतूस ब्रिटिशांचं .४५५. नंतर त्याने नळीची वरची पट्टी उजेडात तिरपी धरली. मधोमध हलकासा खोलगट भाग, कडा गोलसर झालेल्या आणि वर ताजं ब्ल्यूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर). बनवणाऱ्याचं नाव घासून काढलं होतं. खऱ्या स्मिथ अँड वेसनवर मुठीच्या तळाला असलेला क्रमांक चक्रावर आणि नळीवरही सापडतो. इथे तो जुळत नव्हता. मुठीच्या फळ्या काढल्यावर सांगाड्यावर ब्रिटिश सरकारी मालाचा बाण दिसला.

त्याचा निष्कर्ष असा: पहिल्या महायुद्धात हत्यारं कमी पडली तेव्हा ब्रिटनने १९१५ मध्ये स्पेनच्या एइबार गावातल्या कारखान्यांकडून स्मिथ अँड वेसनच्या धर्तीची .४५५ रिव्हॉल्व्हरं घेतली होती, हे त्यातलं. वस्तू म्हणून वाईट नाही हो, तिलाही तिचा इतिहास आहेच. पण त्या इतिहासाला २,४०० डॉलर कोणी देत नाही.

पैशापेक्षा मोठा घोळ पुढे आहे. १९१५ चं म्हणजे अँटिक नाही. दुसऱ्या राज्यातल्या माणसाला असं हत्यार परवानाधारक दुकानदाराला वगळून विकणं केंद्राच्या कायद्यात बसत नाही. भाऊजी थेट वकिलाकडे गेले. ते रिव्हॉल्व्हर पुण्याच्या घरी शोभेला ठेवायचा त्यांचा बेत होता, तोही बारगळला. आपल्याकडच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातली जुन्या हत्यारांची सवलत फक्त दुरुस्ती करूनही चालणार नाही अशा हत्यारांना आहे. हे तर अजून खणखणीत चालतं.

विकत घ्यायच्या आधी क्रमांक घेऊन स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशनकडून पत्र मागवा. फी पडते, पण कारखान्याच्या नोंदीतून ते हत्यार कधी बाहेर पडलं ते कळतं. विक्रेता ‘थांबायला वेळ नाही, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे’ म्हणाला, तर त्या गिऱ्हाइकाला खुशाल घेऊ द्या. नळीवरच्या पेटंटच्या तारखेवरूनही साल ठरवू नका. पेटंट जुनं असलं तरी माल त्यानंतर कितीतरी वर्षांनी बनलेला असू शकतो.

विक्रेता फोन उचलत नाही. पावतीवरचा ‘अँटिक’ हा शब्द त्याच्याच अक्षरातला आहे, आणि वकिलाची सगळी भिस्त सध्या त्यावरच आहे.