मिरचीच्या अर्काची पावडर: स्प्रे ड्रायिंग की कोअ‍ॅसर्व्हेशन?

नंदुरबारच्या पथारीवर मिरची वाळवणाऱ्या घरातली मुलं आता ओलिओरेझिनचा, म्हणजे मिरचीच्या दाट अर्काचा, विचार करू लागलीत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण हा अर्क काकवीसारखा दाट आणि तेलकट, पाण्यात मिसळतच नाही. मसाला किंवा सूपवाल्याला हवी कोरडी पावडर. म्हणून तेलाच्या बारीक थेंबांवर कवच चढवायचं, म्हणजेच मायक्रोएन्कॅप्सुलेशन. मशीनची किंमत नंतर विचारा. आधी ठरवा, हे कवच फुटायचं कधी?

पाणी लागताच फुटायचं असेल, तर स्प्रे ड्रायिंग. माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासूनची पावडर) आणि अरेबिक डिंकाच्या पाण्यात अर्क घोटून इमल्शन, म्हणजे पाण्यात तेलाचे बारीक थेंब, करायचं आणि १६०-१८० अंशांच्या हवेत फवारायचं. आकडा ऐकून दचकू नका. पाणी उडत असेपर्यंत थेंब फार तापत नाही. तिखटपणा टिकतो, जपायचा असतो तो रंग, कारण कवचाबाहेर राहिलेलं तेल हवेने लवकर फिकं पडतं. नमुना आला की चिमूटभर पावडर काचेच्या ग्लासात पाण्यावर टाका. वर लाल तवंग आला, तर बहुधा घोटाई कमी पडली. म्हणून मी म्हणेन, ड्रायर जॉबवर्कने वापरा आणि पहिला पैसा होमोजिनायझरवर, म्हणजे घोटाईच्या यंत्रावर, घाला.

कोअ‍ॅसर्व्हेशनमध्ये पीएच ४ च्या आसपास जिलेटिन आणि डिंक विरुद्ध विद्युतभारामुळे एकत्र येऊन थेंबाला लपेटतात. कवच दाबाने फुटायचं असेल, तर ही पद्धत. स्प्रे ड्रायिंगच्या पावडरीत अर्क साधारण पाचवा हिस्सा; इथे तो सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत जातो. १९५० च्या दशकातला कार्बनविरहित कॉपी पेपर याच पद्धतीचा: पेनाच्या दाबाने कवच फुटतं, अक्षर उमटतं. पण जिलेटिन प्राणिजन्य, म्हणजे पाकिटावरचं शाकाहारी हिरवं चिन्ह गेलं. शिवाय काम बॅचचं, थंड करत करत चालणारं. मसाल्यासाठी मी ही पद्धत घेणार नाही.

इतर पद्धतींपैकी अल्जिनेटचे (समुद्री शेवाळातल्या डिंकाचे) मणी जिवाणूंसाठी बरे, फ्लुइड बेड, म्हणजे हवेत तरंगत्या दाण्यांवर लेप चढवणं, मीठ-आम्लाच्या दाण्यांसाठी. कपाशीतल्या पेंडिमेथॅलिन या तणनाशकाच्या बाटलीवर ‘सीएस’ (कॅप्सूल सस्पेन्शन) दिसतं, तीही कवचातलीच औषधं. त्यांचं पॉलिमर कवच खाण्याच्या कामाचं नाही.

पहिली खेप पावसाळ्याआधी काढा आणि लगेच अॅल्युमिनियमच्या पाकिटात सील करा. ही पावडर ओल ओढते. जुलैत उघडी राहिली तर ढेकळं होतात.